गाठ मारलेला पडदा

मी वॉर्डातला हिरवा पडदा, दोन खाटांच्या मधे टांगलेला. वर कड्यांना अडकलोय, त्यामुळे कुठे जायचा प्रश्नच नाही. त्यात गेला महिनाभर मला खांबाला गाठ मारून बांधलं होतं.

गाठ एका खाटेवरच्या घड्याळजींच्या लेकीची. घड्याळजी मुळातच अबोल. डोळ्याला भिंग लावून एकट्याने काम करण्यात जन्म गेला. खुब्याचं हाड मोडून इथे आले, ते भिंतीकडे तोंड करून पडले. लेकीला वाटलं, बाबांनी हाय खाल्ली.

"पडदा लावायचा नाही हं बाबा. शेजारचे काका बघा, बोलून बोलून निम्मे बरे झाले."

शेजारचे काका म्हणजे बस कंडक्टर, पाय प्लॅस्टरमध्ये. त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबला की दुखणं वाढायचं, हे मी पाहिलंय. घड्याळजी वॉकर धरून उठले की हे टाळ्या पिटायचे, "शाब्बास मास्तर, अजून एक पाऊल!" मास्तर लगेच खाली बसायचे. शेवटी कागदावर शेरा पडला: सहकार्य करत नाहीत. सोमवारपर्यंत चालले नाहीत, तर घरी न जाता थेट सांभाळ केंद्रात.

रोज अंग पुसायला सिस्टर माझी गाठ सोडून मला ओढून घ्यायची. ती गेल्यावर पुन्हा गाठ पडेपर्यंत पाच मिनिटं मिळत. तेवढ्यात घड्याळजी उठून खाटेभोवती चालत. मला दिसायचं, पण सांगता येत नव्हतं.

सोमवारी डॉक्टर, सिस्टर, लेक सगळे गोळा झाले. घड्याळजींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. लेकीने सहीसाठी पेन घेतलं.

"थांबा ताई," कंडक्टर म्हणाले. "चालतात ते. पडद्याखालून पाय पाहिलेत मी. आपण टक लावून बघतो ना, तिथेच अडतं. पडदा ओढा आणि गप्प राहा. मीसुद्धा राहतो."

लेकीने गाठ सोडून मला ओढलं. माझ्या काठाखाली वॉकर सरकताना दिसला, मागून दोन पाय. अकरा पावलं. लेक फरशीवर बसून ती मोजत रडत होती. कंडक्टरांनी चादर तोंडात धरली होती.

घड्याळजी काल घरी गेले. जाताना कंडक्टरांचा हात धरून बराच वेळ उभे होते.

आता सगळे शहाणे झालेत. रुग्णाला शांतता हवी म्हणून मला दिवसभर ओढून ठेवतात. कंडक्टरांनी आज जेवण परत पाठवलंय. येता-जाता कोणीतरी मला बाजूला सारा आणि स्टूल घेऊन बसा. ते सकाळपासून कोणाशी बोललेले नाहीत.