सातवा धूर

बेटावर सात चुली पेटत होत्या आणि त्या सातांच्या जिवावर लाँच चालू होती. नियमच तसा होता. सात घरं नांदती असतील तर दर गुरुवारी लाँच येणार, एक जरी कमी झालं तर बंद. आता मोजायला कोण साहेब एवढ्या लांब उलट्या करत येणार? म्हणून लाँच चालवणारा सारंगच धक्क्याला लागण्याआधी डोळ्यांवर हात धरून टेकडीकडे बघायचा, छपरांवरचे धूर मोजायचा आणि वर कळवायचा.

त्या धुरांची सगळ्यात जास्त काळजी दुकानदाराला. धक्क्यावरून वर चढताना पहिलं घर त्याचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, माळ्यावर रॉकेलचे रिकामे डबे. बेटावरचा एकुलता एक फोन त्याच्याच गल्ल्याशेजारी. मासळी आटली, पोरं शहरात गेली, गिऱ्हाईक म्हणून उरले ते सहा उंबरठे, तेही मीठ-काडेपेटीपुरते. अशात एक हॉटेलवाला येऊन किनारा बघून गेला. थंडी सरली की परत येतो म्हणाला.

दुकानदारानं त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. लाँच आहे तोवर जागेला भाव, लाँच बंद झाली की ह्या खडकाला कुत्रंही विचारणार नाही. हॉटेलवाला असं काही बोलला नव्हता. दुकानदारानंही विचारलं नव्हतं. हुशार माणसाला सगळं विचारावं लागत नाही, अशी त्याची स्वतःबद्दल समजूत होती.

सातवी चूल मावशीची. मावशी बेटाची सुईण. इथे जन्मलेलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात आलं होतं. बाकीच्यांची डोकी आधी आली, दुकानदाराचे पाय. म्हणून सगळे त्याला पायाळू म्हणत आणि मावशी चारचौघांत सांगे, "उलटा निघाला होतास मेल्या! तुझ्या आईनं आशा सोडली होती, मी नाही सोडली." तो हसायचा. अशा उपकाराची परतफेड हसूनच करायची असते, फुकटात होते.

तर ह्या मावशीला शहरात लेकाकडे जायचं होतं. गुडघे गेले होते, विहीर घराच्या खाली आणि घर चढावर. "ह्या गुरुवारी निघते रे," ती म्हणाली, आणि दुकानदाराला सहाच धूर दिसायला लागले.

"थंडीत कुठे जातेस? तू गेलीस तर बेटाची आईच गेली," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून तिचं पाणी स्वतः भरू लागला. म्हातारी विरघळली. पुढच्या गुरुवारी बघू म्हणाली.

त्याच आठवड्यात मावशीच्या सुनेचा फोन आला.

"भाऊजी, ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. आईंना गुरुवारच्या लाँचनं पाठवता? सारखे दाराकडे बघतात हो."

दुकानदारानं फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला. "कशी पाठवू वहिनी? गुडघे सुजलेत, फळीवर पाय ठेवता येत नाही तिला. जरा उतार पडू दे."

"मग फोनवर तरी बोलू द्या."

"दुकानापर्यंतही उतरवत नाही हो."

मावशी त्या वेळी दुकानाबाहेरच्या बाकावर ऊन खात बसली होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, "लेकाचा फोन होता. घराला रंग काढलाय म्हणे. थंडी सरल्यावर ये म्हणाला."

"मला का नाही दिलास?"

"घाईत होता. ठेवलासुद्धा."

मावशीनं मान डोलावली. रंगाचा वास त्याला लहानपणापासून सोसत नाही, तेवढी खिडकी उघडी ठेव म्हणून सांग, म्हणाली.

लेक थंडीतच गेला. "आईंसाठी अंत्यविधी थांबवू का?" सुनेनं रडत विचारलं. "नको," दुकानदार म्हणाला, "हा धक्का तिला झेपणार नाही. मी हळूहळू सांगतो." सुनेनं त्याचे आभार मानले. हे आभार त्यानं ऐकून घेतले, हे मी मुद्दाम सांगतोय.

रात्री त्याच्या बायकोनं विचारलं, "सांगणार कधी?"

"सौदा होऊ दे."

"आणि तोवर?"

"तोवर कोण मरतंय?" तो म्हणाला, आणि बायकोनं दिवा मालवला.

बाकीच्या पाच घरांना काय, सुगावा लागलाच. बायकोच्या तोंडून निसटलं असेल. पण जागा सगळ्यांनाच विकायची होती. मावशी समोरून आली की जो तो हवापाण्याचं बोलायचा. कोणी तिला लाकडं फोडून दिली, कोणी गोधडी दिली. तिला ताप आला तेव्हा दुकानदारानं स्वतः जाऊन तिची चूल पेटवली, ओलं लाकूड घालून चांगला दाट धूर केला. "पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं," ती म्हणाली.

लेकासाठी ती लिंबाचं लोणचं करायची आणि दर महिन्याला बरणी दुकानात आणून द्यायची, सारंगाबरोबर पाठव म्हणून. आता ती कोणाला पाठवणार? दुकानदार समुद्रात टाकायला निघाला तर बायको म्हणाली, "अन्न आहे ते." बरणी फडताळात गेली आणि मग ताटात आली.

"आवडलं का त्याला?" मावशीनं विचारलं.

दुकानदाराच्या तोंडात दुपारची चव होती. "बोटं चाटली म्हणे. मीठ जरा जास्त झालं म्हणाला."

"हात थरथरतो रे आताशा," ती ओशाळून म्हणाली.

थंडी सरली आणि हॉटेलवाला आला. त्यानं सातही घरं घेतली. मावशीनंही सही केली, लेक विक म्हणालाय असं दुकानदारानं सांगितलं होतं ना! सह्या झाल्यावर दुकानदार चहाचा कप पुढे करत फुशारकीनं म्हणाला, "साहेब, सातवी चूल विझू दिली नाही आम्ही. लाँच चालू ठेवली."

"कुठली लाँच?" हॉटेलवाला म्हणाला. "ती खटारा? बंद पडली तरी मला काय! आमच्या स्वतःच्या बोटी येणार."

दुकानदारानं पुढे केलेला कप परत स्वतःकडे घेतला. बायकोनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

घरं रिकामी करून सगळे निघाले, त्या गुरुवारी मावशी ठेवणीतले कपडे घालून धक्क्यावर आली. काखेत पिशवी, चेहरा नुसता फुललेला. आता सांगणं भाग होतं, कारण पलीकडे सून उभी असणार होती, आणि कपाळ कोरं घेऊन उभी असणार होती. दुकानदारानं तिला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसवलं आणि सांगून टाकलं. थंडीतच गेला, म्हणाला. तुला झेपलं नसतं, म्हणाला.

मावशी रडली नाही. लाँच लागली, सामान चढू लागलं. मग तिनं विचारलं, "थंडीत गेला?"

"हो."

"मग मीठ जास्त झालं म्हणून कोण म्हणालं?"

दुकानदाराची बायको तोंड फिरवून गाठोडी मोजू लागली. वर टेकडीवर एकही चूल पेटलेली नव्हती आणि सारंगही आज तिकडे बघत नव्हता.

मावशीनं पिशवीत हात घातला. फडक्यात गुंडाळलेली बरणी काढली.

"ह्यात कमी घातलंय," ती म्हणाली आणि बरणी पुढे धरली.

दुकानदाराचा हात सवयीनं पुढे झाला.