जोडनावेवरचं जातं

दिनकरराव मालक विलायतेला जाऊन आले, आणि त्यानंतर कितीतरी महिने त्यांच्या तोंडातून बोट काही उतरली नाही. थोरला मुलगा तिकडं शिकत होता, त्याला भेटायला गेले होते. मुलगा कसा आहे, काय खातो, यातलं एक अक्षर नाही. चावडीवर बसले की बोट. माझा नवरा सटवाजी सोनपेठच्या अंगाला गंगेच्या घाटावर नाव चालवायचा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पाण्यावरचा माणूस, याला कळेल, म्हणून मालक त्याला मुद्दाम बोलावून घ्यायचे आणि ऐकवायचे. तो घरी येऊन जेवताना मला सांगायचा.

बोट म्हणजे पाण्यावर चाललेलं गावच म्हणे. तिच्यात पोहायला हौद, केस कापायला न्हावी, आणि रोज संध्याकाळी करमणूक. एक दिवस बँड, एक दिवस शिनेमा. एक दिवस लाकडी घोड्यांची शर्यत. फासे टाकायचे, घोडे पुढं सरकवायचे, आणि कोट घातलेल्या बाप्यांनी त्यावर ओरडायचं. पण मालकांना यातलं काहीच पसंत पडलं नव्हतं. गाणारी बाई रोज तीच तीच गाणी म्हणायची. जादूगाराच्या कोटातलं कबूतर आधीच फडफडायचं. आणि एका संध्याकाळी हिंदुस्थानी खेळ म्हणून एका गोऱ्यानं तोंडाला काजळी फासली, डोक्याला पडदा गुंडाळला आणि रबरी सापापुढं पुंगी वाजवली. सगळे मालकांकडं बघून टाळ्या वाजवायला लागले.

“लय शरम वाटली म्हनले मालक,” सटवाजी म्हणाला. “म्हनले, अस्सल माल आपल्या गावात पडलाय, आन हे रबराचा साप नाचवायलेत.”

कबुतराचं ऐकून मी हसले होते. पुढं काय वाढून ठेवलंय ते माहीत असतं तर हसले नसते.

हैदराबादचं राज्य मोडून आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. नवे साहेब येत होते. कोणता घाट कुणाकडं ठेवायचा, हे आता तेच ठरवणार होते. त्यांची खातिरदारी करायची जबाबदारी मालकांनी स्वतःहून अंगावर घेतली आणि डोक्यातली बोट बाहेर काढली. दोन नावा शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की जोडनाव होते. तिच्यावरून आम्ही बैलगाड्या पलीकडं न्यायचो. त्या जोडनावेवर गालिचे अंथरायचे, लोड-तक्के ठेवायचे, साहेबांना बायकांसकट बसवायचं आणि दिवस मावळेपर्यंत गंगेवर फिरवायचं. करमणूक अशी करायची की विलायती बोटीनं तोंडात बोट घालावं.

“तिथं काय काय ठेवावं, इचारायलेत मालक,” सटवाजी एका दुपारी म्हणाला. माझ्याकडं न बघता म्हणाला, तिथंच मला शंका आली. “म्या सांगितलं, माझी बायको जात्यावर ओव्या म्हनती.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. “तुमाला काय ठावं, म्या काय म्हनती ते?”

“ऐकतो की.”

“कवा?”

“रोज. पाह्यटं.”

हा माणूस पहाटे घोरायचा. मी जात्यावर बसायचे तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडं असायचं आणि पांघरूण कानावर. तो झोपलाय म्हणून तर मी म्हणायचे. कुणी ऐकत असतं तर माझ्या तोंडून त्या ओव्या निघाल्याच नसत्या, कारण त्या माझ्या दगडाच्या होत्या.

तिच्याआधीची दोन वाचली नाहीत, म्हणून तिचं नाव दगडा ठेवलं. ओंगळ नावाच्या लेकराकडं मरण बघत नाही, असं आमच्यात मानतात. माझं नाव कडू ते त्याचसाठी, आणि मी जगले. दगडा पळती-बोलती झाली. मग रझाकाराच्या धामधुमीचं साल आलं. माणसं पलीकडं पळून जाऊ नयेत म्हणून चौकीवरच्या जमादारानं साऱ्या नावा काठाला बांधून ठेवायला लावल्या. सोडील त्याला गोळी. त्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि एका रात्री दगडाला जुलाब-उलट्या लागल्या. वैद्य पलीकडच्या काठाला. आमच्या घरातून त्याच्या दारातला दिवा दिसायचा. सटवाजी नावेजवळ जाऊन बसला, मांडीवर वल्हं घेतलं, आणि उजाडेपर्यंत बसून राहिला. त्यानं नाव सोडली नाही. सकाळी मी त्याला हाक मारायला गेले तेव्हा दगडा गेलेली होती.

त्यानंतर त्यानं तिचं नाव काढलं नाही. मीही त्याच्यापुढं काढलं नाही. जे बोलायचं ते मी जात्याशी बोलायचे. आणि हा गडी भिंतीकडं तोंड करून सगळं ऐकत होता, आणि ते आता साहेबांपुढं मांडायला निघाला होता. माझ्या अंगाचा भडका उडाला.

“म्या न्हाई येनार,” मी म्हटलं.

“घाट जाईल, कडे. गंगाखेडचे लोक टपून बसलेत. मालकाचा शब्द पडला तरच ऱ्हाईल. चार ओव्या तर म्हनायच्यात. दुसऱ्या म्हन, माह्यारच्या म्हन.”

“ओवी काय तोंड उघडलं की पडती का? मांडीम्होरं जातं लागतं. हातात खुंटा लागतो. जातं न्हाई तर ओवी न्हाई.”

त्याचं तोंड बंद करावं म्हणून मी हे म्हटलं. जातं कुणी नावेवर नेईल, हे माझ्या सात पिढ्यांच्या स्वप्नात आलं नसतं. पण त्यानं ते सरळ मालकांना जाऊन सांगितलं आणि मालक खूश झाले. दुसऱ्या दिवशी दोन गडी दारात हजर. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी जातं उचललं आणि घाटाकडं नेलं. बाईच्या घरातून जातं निघालं की तिला मागं जावंच लागतं. मालकांना ते बरोबर ठाऊक होतं.

नावेवर गालिच्याच्या मधोमध माझं जातं मांडलेलं. त्याला झेंडूची माळ घातली होती. माझ्या जात्याला मी कधी माळ घातली नव्हती, त्याला तशी गरज पडली नव्हती. मालकीण सुमनबाईंनी मला नवं लुगडं नेसायला दिलं. मी ते घडीसकट परत केलं. मग त्यांनी मान खाली घातली. त्या मनानं वाईट नव्हत्या, पण मालकांपुढं त्यांचं काय चालणार.

साहेब आले, त्यांच्या बायका आल्या. सटवाजी मागं उभा राहून वल्हं मारायला लागला. आधी हलगी आणि सनई झाली. हलगी इतकी जवळ की थोरल्या साहेबांच्या बायकोनं कानात बोटं घातली. मग लाकडी घोडे. मालकांनी सुताराकडून करून घेतले होते, फाशांच्या जागी कवड्या. एक घोडा पाण्यात पडला, त्यावर सगळे पोट धरून हसले. पानाचं तबक फिरलं. मालक उठून उभे राहिले आणि त्यांनी ते रबरी सापाचं सगळं पुन्हा सांगितलं.

“आता अस्सल बघा,” ते म्हणाले. “कडूबाई, होऊन जाऊ द्या.”

मी मूठभर ज्वारी जात्यात घातली आणि खुंटा फिरवला. नुसता फिरवला. मी लाजत नव्हते, घाबरत तर त्याहून नव्हते. रागानं माझे दात एकमेकांवर बसले होते, ते उघडत नव्हते. खालच्या फळ्या घरघरायला लागल्या. पीठ गालिच्यावर पडत होतं. मालक खाकरले, सुमनबाई चुळबुळल्या.

“लाजते वाटतं,” साहेबांची बायको म्हणाली.

“कडूबाई,” मालकांचा आवाज चढला, “जातं काय दळायला आणलंय का इथं?”

ते दळायलाच असतं, हे मी म्हणणार होते. तेवढ्यात मागून आवाज आला. सटवाजीचा.

माझ्या गं दगडाला, तहान लागली राती
पाणी गंगेला मावेना, थेंब लागेना हाती

बाप्या माणूस जात्यावरची ओवी म्हणतोय, म्हणून साहेब हसले. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. सटवाजीचा आवाज हाका मारून मारून फाटलेला. पलीकडच्या काठाला ऐकू जावं अशा आवाजात तो ओवी म्हणत होता. पण चाल माझी होती. दम घ्यायची जागासुद्धा माझी होती. मी थांबले नाही. ओवी चालू असताना जातं थांबवत नाहीत, ते आमच्यात अभद्र. ओवी त्याच्या तोंडात आणि खुंटा माझ्या हातात, अशी मी अडकले.

पैलतीरी गं वैद, दिवा दिसतो दारात
नाव बांधली मेखेला, लेक माझी गं घोरात

आता कुणी हसत नव्हतं. तिसरी ओवी तो म्हणणार नाही, याची मला खात्री होती. ती त्याच्यावरची होती. कोणता बाप्या ती स्वतःच्या तोंडानं म्हणेल?

नावाड्याची गं लेक, गेली नावेच्यावाचून
बाप बसला काठाला, वल्हं मांडीशी घेऊन

त्यानं ती पुरी म्हटली. एक शब्द गाळला नाही. जात्यातली मूठ संपली होती आणि मी दगडावर दगड फिरवत होते.

टाळ्या पडल्या. थोरले साहेब म्हणाले, वा, काय चाल आहे. त्यांच्या बायकोनं विचारलं, याचा अर्थ काय हो?

मालकांनी दगडाला ओळखलं नसेल, असं नाही. तिला पुरलं तेव्हा ते स्वतः आले होते. माती त्यांच्याही हातची होती. त्यांनी एकवार माझ्याकडं पाहिलं आणि साहेबांच्या बायकोकडं वळून म्हणाले, “जुनं गाणं आहे, नदीचं. आमच्याकडं घरोघर म्हणतात.” मग हसून म्हणाले, “रबराचा साप नाही ना हा?”

त्या क्षणी मालकांच्या तोंडावर पिठाची मूठ फेकावी, असं मला वाटलं. फेकली नाही, याचा मला आजही राग येतो. सुमनबाई तेवढ्या उठल्या आणि नावेच्या कडेला तोंड फिरवून बसल्या.

काठाला लागल्यावर मंडळी टांग्यात बसून गेली. गडी गालिचे गुंडाळून निघून गेले. जातं न्यायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. दिवस बुडायला आला होता. सटवाजी जातं उचलायला वाकला.

“हात लावू नका त्याला,” मी म्हटलं. “इतकी वर्सं घरात एक शबुद न्हाई. तिचं नाव काढलं न्हाई माझ्याम्होरं. आन काढलं ते कुनाफुडं? लोडाला टेकून पान चघळनारांफुडं? घाटासाठी लेक मांडली तुमी.”

“ओवी घाटासाठी न्हाई म्हनली म्या.”

“मंग कशासाठी?”

“पैल्यांदा तू म्हनशील म्हनून तुझं नाव घातलं, ते घाटासाठी. तेवढं खरंय.” तो सरळ उभा राहिला. “पर तू गप बसलीस तवा वाटलं, ही आता कायमची गप बसती. उद्यापून म्हननार न्हाई. मंग तिचं नाव कोन काढनार? मला तर तेवढंच ऐकाया मिळतंय.”

“ऐकायलोय म्हनून मला कधी सांगितलं?”

“तू मला कुठं सांगत हुतीस? जात्याला सांगायचीस.” त्याचाही आवाज चढला. सगळ्या संसारात तो माझ्यावर ओरडला नव्हता, तो त्या दिवशी ओरडला. “रोज पाह्यटं म्हनायचीस, बाप बसला काठाला. रोज. म्या उठून काय म्हनू? व्हय, बसलो हुतो, असं म्हनू?”

“व्हय,” मी म्हटलं. “तेवढंच म्हनायचं हुतं.”

पाणी काठाला लागत होतं. मी वाट बघत उभी राहिले. या वेळी मी काही त्याला सोडणार नव्हते.

“बसलो हुतो,” सटवाजी म्हणाला. “गोळीला भ्यालो. नाव सोडाया पायजे हुती.”

“पायजे हुती,” मी म्हटलं.