बुजवलेली मोरी

मोरी बुजवा असं सगळ्यात आधी कोण म्हणालं, हे आता कुणी काढत नव्हतं. मावशीला मात्र ते विसरता येत नव्हतं, कारण म्हणाली होती तीच.

मावशी म्हणजे नदीकाठच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातली शिवणकाम करणारी. तिच्या परसालगतच नदीची भिंत. पुराचं पाणी बाहेर ठेवायचं आणि बंधाऱ्यात अडवलेलं पाणी उन्हाळ्यात शेतांसाठी धरून ठेवायचं, अशी दोन्ही कामं ती भिंत करायची. गल्लीतलं पाणी नदीत जावं म्हणून तिच्यात एक मोरी होती आणि मोरीला लोखंडी झडप. ती उघडायची-लावायची कुणी? ज्याचं घर जवळ त्यानं. वर्षानुवर्षं मावशी हातातलं शिवण टाकून धावत होती. आभार राहिले बाजूला, झडप गळली की बोलणी तिलाच. पुढं भिंत उंच करायला सगळी वस्ती श्रमदानाला जमली, तेव्हा ती गंजकी झडप बघून मावशी वैतागली. "बुजवून टाका ती कटकट एकदाची!"

टाळ्या पडल्या. तिच्या धाकट्या दिरानं, म्हणजे गवंड्यानं, मोरी काँक्रीटनं अशी बुजवली की मुंगी शिरू नये. गळती थांबली आणि त्या उन्हाळ्यात शेतांना पाणी पुरलं. पाणी समितीच्या अध्यक्षांनी मावशीचं चारचौघांत कौतुकही केलं.

आज सकाळपासून पाऊस झोडपत होता. नदी अजून भिंतीपलीकडे, गल्लीच्या पातळीखालून चालली होती. पाणी साचत होतं ते अलीकडे, आणि गल्लीचा सगळा उतार मावशीच्या दाराशी. घर कच्च्या विटांचं. दिवसभर पाण्यात उभं राहिलं तर भिंती विरघळून बसणार, हे सगळ्यांना कळत होतं.

वस्तीनं हयगय केली असं कुणी म्हणू नये. मावशीच्या सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वरच्या शाळेत नेलं. मशीन नेलं, कपाट नेलं, गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडेसुद्धा कोरडे पोचले. मग लोक बादल्यांनी पाणी उपसून भिंतीपलीकडे फेकू लागले. भिंत त्यांनीच उंच केलेली, त्यामुळे निम्मं पाणी परत त्यांच्याच डोक्यावर.

"मोरी फोडा हो," मावशी म्हणाली. "दुसरं काही नको मला."

"हवं ते मागा मावशी, पण भिंतीला हात लावायचा तर सगळ्यांना विचारायला हवं," अध्यक्ष म्हणाले. "भिंतच खचली तर? उन्हाळ्यात शेतांना काय पाजायचं?"

"मग विचारा की! सगळे इथंच तर उभे आहेत, गुडघाभर पाण्यात!"

विचारलं. कुणी नाही म्हणेना, कुणी हो म्हणेना. ज्यांची शेतं होती ते पायांकडे बघत राहिले. वाईट माणूस त्यांत एकही नव्हता, आणि मावशीला त्याचाच जास्त त्रास होत होता. भांडावं तरी कुणाशी?

दुपार कलल्यावर एकदाचे सगळे तयार झाले. गवंडी पहार घेऊन भिंतीवर चढला, पलीकडे वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"काय झालं?"

"वहिनी, नदी चढली. आतल्या पाण्याच्या वर आलीय." त्यानं पहार खाली ठेवली. "आता फोडली तर पाणी जायचं नाही, आत यायचं."

मावशीला पटेना. ती स्वतः शिडीवर चढली. खोटं नव्हतं. इकडून बघा की तिकडून, मधली भिंत पक्की होती. ती शिडी उतरून पुन्हा पाण्यात आली.

लोक तरी बादल्या भरतच राहिले. थांबू या म्हणायची कुणाची छाती होईना. थोड्या वेळानं मागची खोली बसली. आवाज फार मोठा नव्हता. मग पुढची भिंत कलली, आणि अध्यक्षांनी मावशीला दंडाला धरून वर नेलं.

शाळेत सासूबाई मशीनशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. सून दिसताच त्यांच्या जिवात जीव आला.

"आलीस? दाराला कुलूप लावलंस ना गं?"

मावशीनं किल्ली मुठीत आवळली.

"लावलं," ती म्हणाली.