सर बोलतायत

"हे काय आहे, सर?" स्पीच थेरपिस्ट बाईंनी किल्लीचं चित्र आजोबांपुढे धरलं.

आजोबांनी चित्र नीट न्याहाळलं. डाव्या हाताने चष्मा सावरला, घसा खाकरला आणि ठामपणे म्हणाले, "उद्या."

"बरं. परत बघा. कुलूप उघडायला काय लागतं?"

"उद्या," ते पुन्हा म्हणाले आणि तोंडातून निघालेला शब्द त्यांच्याच कानांना खटकला. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले, ओठ दोनदा हलवून पाहिले. तिसऱ्यांदाही "उद्या"च आलं. तेव्हा त्यांनी चित्र हळूच उलटं करून टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

अर्धांगाचा झटका येऊन महिना झाला होता. उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत का होईना चालत होता. डोकं शाबूत होतं. फक्त शब्द गेले होते. बाईंनी आम्हाला समजावलं होतं, "गोदामात माल सगळा आहे. तो आणून देणारा हमाल चुकीचं पोतं उचलतोय. त्याला घाई करू नका. आणि महत्त्वाचं म्हणजे, त्यांची वाक्यं तुम्ही पुरी करू नका."

आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन नेमकं तेच करू लागलो. आजोबांनी "मला..." म्हणायचा अवकाश, की आजी "पाणी का? पंखा बंद करू? उशी सरकवू?" असा भडिमार करायची. बाबा शब्द सुचवायचे, मी खुणा करायचे. प्रेमापोटीच सगळं, पण समोरचा माणूस बुडतोय म्हणून सगळ्यांनी मिळून त्याच्या अंगावर उड्या माराव्यात, तसलं ते प्रेम.

सुरुवातीला हसूही यायचं. चमच्याला ते मुख्याध्यापक म्हणत. आजीला त्यांनी दोनदा "हवालदार" अशी हाक मारली, तेव्हा ती म्हणाली, "जन्मभर मनात होतं, ते आता बाहेर पडलं." आजोबाही हसले होते. पण हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. ताट पुढे आलं की जेवायचे, कपडे दिले की घालायचे, आणि उरलेला दिवस भिंतीकडे तोंड करून बसायचे. दवाखान्यात न्यायला उठवलं की हात झटकायचे.

हा माणूस निवृत्त होईपर्यंत शिक्षक होता. सहावी-सातवीच्या वर्गांना भाषा आणि गणित शिकवायचा. मीही त्यांच्या वर्गात होते. शाळेत सर म्हणायचं आणि घरी आजोबा, असा करार होता. एकदा भर वर्गात मी चुकून "आजोबा, शाई संपली" म्हणाले, तर फळ्याकडून मान न वळवता म्हणाले, "आजोबा घरी असतात. संध्याकाळी भेटतील."

त्याआधी ते सैन्यात होते, वायरलेसवर. युद्धात जवळच तोफगोळा फुटून त्यांचा डावा कान गेला. त्यामुळे वर्गात कुणी बोलायला उठलं की ते बाकापर्यंत चालत जायचे आणि उजवा कान पुढे करून वाकायचे. इतर मास्तर खुर्चीतून ओरडायचे, "मोठ्याने बोल!" आमचे सर जवळ येऊन वाकायचे. मागच्या बाकावरच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीसुद्धा त्यांच्याशी बोलायच्या, कारण कुजबुजलं तरी चालायचं. युद्धाबद्दल मात्र ते चकार शब्द काढत नसत. आम्ही नातवंडं गोष्टीसाठी मागे लागलो की "थंडी फार होती" एवढ्यावर आटपायचे.

असा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला, की घरातल्या कुणालाच जेवण गोड लागत नसे.

एके दिवशी कशीबशी समजूत घालून मी आणि आजीने त्यांना दवाखान्यासाठी तयार केलं. दार ओढून बाहेर आलो, तर लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरून जिना उतरणं त्यांना शक्य नव्हतं. आजीने घरातली खुर्ची आणून जिन्यापाशी ठेवली, आजोबा तिच्यावर बसले. लिफ्टचं दार उघडं होतं आणि एक मेकॅनिक आत गुडघ्यांवर बसून काम करत होता. थोड्या वेळाने तो पाना घ्यायला बाहेर वळला आणि पाना हातात घ्यायचा विसरला.

"स... स... सर?"

आजोबांनी मान वर केली.

मेकॅनिक चाळिशीचा, अंगाने आडवा, हात कोपरापर्यंत काळे. तो आजोबांच्या पुढ्यात उकिडवा बसला. "मी प... पॅसेंजर, सर. ओ... ओळखलंत?"

आजोबांचा चेहरा हलला. ओठ हलले. काहीतरी वर येत होतं आणि वाटेत अडत होतं. मी बघितलं, आजीने श्वास घेतला आणि सुरू झाली, "त्यांना हल्ली बोलता येत नाही हो. अहो, घरात जायचंय का? पाणी देऊ का?"

मेकॅनिकने काळा हात वर केला. "थांबा, आजी. सर बो... बोलतायत."

आजी गप्प झाली. इतक्या साध्या शब्दांत तिला कुणी गप्प केल्याचं मला तरी आठवत नाही.

मग तो नुसता बसून राहिला. घड्याळाकडे बघणं नाही, चेहऱ्यावर कीव नाही, "हां हां, बोला" असं ढकलणंही नाही. चिंधीने एकेक बोट पुसत तो आजोबांकडे बघत होता. खालून कुणीतरी ओरडलं, "अहो, झाली का लिफ्ट?" त्याने उत्तर दिलं नाही. आजोबांच्या कपाळावर घाम आला. मला राहवेना, शब्द माझ्याच जिभेवर नाचत होता. पण मी दात घट्ट आवळून धरले.

"पॅ..." आजोबा म्हणाले. "पॅ... सेंजर... आली."

मेकॅनिक खुदकन हसला. मग त्याने तीच चिंधी डोळ्यांना लावली आणि चेहरा काळा करून घेतला.

त्या दिवशी दवाखाना राहिला. लिफ्ट दुरुस्त करून तो आमच्याकडे चहाला आला आणि त्याने सांगितलं. सांगायला त्याला वेळ लागला. शाळेत असताना तो फारच अडखळायचा. मुलं त्याला पॅसेंजर म्हणून चिडवायची, प्रत्येक स्टेशनवर थांबते म्हणून. एकदा सरांच्या कानावर ते पडलं. त्यांनी मुलांना रागावलं नाही. ते म्हणाले, "मेल गाडी धूळ उडवत निघून जाते. लहान स्टेशनावरच्या माणसांना घरी कोण पोचवतं? पॅसेंजर." आणि दुसऱ्या दिवसापासून धडा वाचायला पहिल्यांदा यालाच उठवायला लागले. तो उठला की म्हणायचे, "पॅसेंजर आली. सगळ्यांनी सामान खाली ठेवा, वेळ आहे." अर्धा तास गेला तरी त्याचं वाक्य दुसऱ्या कुणाला पुरं करू द्यायचे नाहीत.

"चि... चिडवायचं नाव होतं," तो म्हणाला, "सरांनी ते मा... मानाचं करून टाकलं."

त्यानंतर तो सुट्टीच्या दिवशी येऊ लागला. दोघं गॅलरीत बसायचे. एक अडखळायचा, दुसरा शोधायचा. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, दोघं भांडून गप्प बसलेत. पण आजोबांना शब्द सापडू लागले. चूक शब्द आला तर मेकॅनिक म्हणायचा, "हा नाही, सर. दु... दुसरा आणा." आजोबा दुसरा आणायचे. बघून बघून आम्हीही शिकलो. आजी तर तोंडाला पदर लावून बसायची, आपलं तोंड आपल्याच ताब्यात राहावं म्हणून. आजोबा पुन्हा दवाखान्यात जायला लागले, स्वतःहून चपला शोधून.

एका दुपारी मेकॅनिकने त्यांना विचारलं, "सर, वर्गात चाळीस पोरं. तुम्हाला माझा कं... कंटाळा कसा नाही आला कधी?"

आजोबा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"वायरलेस," ते म्हणाले.

आम्ही थांबलो.

"पलीकडे... जोडीदार. टेकडीवर. एकटा." पुन्हा बराच वेळ. "पाय... गेला होता."

त्या दिवशी तिथे सकाळपासून दाट धुकं होतं. टेकडीवर मदत पोचत नव्हती. आजोबांनी सेटवरून वरिष्ठांना कळवायचं ते कळवलं होतं. आता करण्यासारखं काही नव्हतं. फक्त तो बोलत होता आणि हे ऐकत होते. हे सगळं सांगायला त्यांना अर्धी दुपार लागली. एकेक शब्द खडकातून पाणी झिरपावं तसा येत होता.

"काय बोलत होते?" मी विचारलं.

"दार. घराचं. रंग... लावायचा." आजोबांनी डाव्या हाताने हवेत ब्रश फिरवला. "निळा... की हिरवा. विचारत... होता. तुटक. एक शब्द... मग खरखर. मग... शब्द."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"निळा." ते थांबले. "मग... तो थांबला. मी... ऐकत राहिलो."

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती येऊन त्यांच्या शेजारी बसली. जन्मभर बोलत आलेली बाई, पण तिला शब्द सापडायला वेळ लागला. शेवटी तिने विचारलं, "मग लावला का हो त्यांच्या घरच्यांनी निळा?"

आजोबांनी नकारार्थी मान हलवली. "आई... एकटी होती. मी... गेलो. मीच... लावला."

आजीने त्यांचा लुळा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि ऊन सरकेपर्यंत तसाच धरून ठेवला. सगळे शब्द हाताशी होते तेव्हा आजोबांनी आम्हाला थंडी सांगितली. निम्मे उरले तेव्हा हे सांगितलं. तेवढ्याकरता तरी मी त्या आजाराचं देणं लागते, असं मला वाटतं. आजीला हे कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांचं बोलणं पूर्वीसारखं कधीच झालं नाही. पण कामापुरतं आलं, थट्टेपुरतंही आलं. बरे झाल्यावर थेरपिस्ट बाईंनी त्यांना विचारलं, "सर, दर गुरुवारी याल का? नवीन पेशंट असतात. घरचे फार घाबरलेले असतात." आजोबांनी मोजून दोन शब्द खर्च केले, "गुरुवार. शाळा."

आणि खरोखरच ते शाळेत जायच्या तयारीने जायला लागले. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. काम एकच, नव्या माणसाशेजारी बसायचं आणि थांबायचं. मी सोबत असायचे, म्हणून मी पाहिलंय. त्यांच्या शेवटच्या वर्षात तिथे एक ट्रक ड्रायव्हर यायचा. दांडगा माणूस, पण झटक्यानंतर त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. बायको काही विचारायला गेली की तो खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचा. आजोबा त्याच्या शेजारी गुरुवारमागून गुरुवार बसले. निघताना त्याच्या मुठीवर हात ठेवून म्हणायचे, "घाई... नाही."

आजोबा एका सकाळी गेले. चहा घेतला, वर्तमानपत्र मागितलं आणि मी ते आणेपर्यंत मान छातीवर टेकली होती. माणसं येत राहिली. डॉक्टर, शिंपी, भाजीवाली, एक न्यायाधीश. सगळे एकाच वर्गातले असल्यासारखे जिन्यात अंग चोरून उभे होते. आजोबांना खाली नेताना मेकॅनिकने लिफ्टचं दार पाठीने अडवून धरलं आणि सगळे बाहेर पडेपर्यंत तसाच उभा राहिला.

पुढच्या गुरुवारी मी दवाखान्यात कळवायला गेले. बाई दुसऱ्या पेशंटबरोबर होत्या. बाकड्यावर ड्रायव्हर एकटाच बसला होता, शेजारची जागा मोकळी ठेवून. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

त्याचा जबडा हलायला लागला. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"स..." तो म्हणाला. "स... सर?"

"गेले, काका," मी म्हणाले. "सोमवारी."

त्याने मान खाली घालून शेजारच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला. मग त्याने मान वर केली आणि पुन्हा ओठ उघडले. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसले.