पावणेआठचा पाझर

सकाळी पावणेआठच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. चाळीसेक माणसं वाट्या, पेले, बाटल्यांची झाकणं घेऊन भिंतीकडे टक लावून उभी असत. मग वरच्या कोपऱ्यातल्या भेगेतून पहिला थेंब डोकावे, त्याच्यामागून दुसरा, आणि बघता बघता बारीक धार लागे. गर्दी सुस्कारा सोडी.

"आला," पाझरबाबा डोळे मिटून म्हणत. "नळाला येत नाही, भिंतीला येतो. याला काय म्हणायचं?"

"गळती," खोलीचा भाडेकरू मागून म्हणे. त्याच्याकडे कुणी वळून बघत नसे आणि आता त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

हा भाडेकरू एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. दिवसभर काचसामान धुऊन, पुसून जागेवर ठेवायचं हे त्याचं काम, म्हणून अख्खी इमारत त्याला 'परीक्षानळी' म्हणे. चौदा महिन्यांत त्याने या भिंतीबद्दल इमारतीच्या मॅनेजरकडे एकवीस लेखी तक्रारी दिल्या होत्या. पहिलीला 'बघतो' असं उत्तर आलं, सातवीला 'माणूस पाठवतो'. बारावीला 'माणूस येऊन गेला, तुम्ही घरी नव्हता' असं कळलं. घरी म्हातारे वडील, आबा, चोवीस तास असत. पण माणूस त्यांनाही दिसला नव्हता.

एकविसावीनंतर मात्र खरोखरच माणूस आला. तो मॅनेजरचा चुलतभाऊ निघाला. त्याने भिंतीला हात लावला, हात हुंगला आणि ही ओल नसून कृपा आहे असं सांगितलं. अशा भिंतीला छिन्नी लावू नये, हा त्याचा आदेश मॅनेजरने तासाभरात सूचनाफलकावर लावला. इतक्या तत्परतेने त्या फलकावर आजवर काहीच लागलं नव्हतं. आणि चुलतभाऊ पाझरबाबा झाला.

वडिलांची खाट त्याच भिंतीला लागून होती. दुसरीकडे सरकवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी परीक्षानळीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषधं मी बदलत राहीन. पण भिंत अशीच राहिली तर यांची छाती पुढची थंडी काढायची नाही."

आबांना हे ठाऊक होतं. "तुझ्या वीस तक्रारींनी एक माणूस आला नाही," ते खोकत खोकत म्हणाले. "याच्या एका थापेने रोज चाळीस येतात. शिक काहीतरी."

मग दोन दिवस भिंतीला पाझर फुटलाच नाही.

"तुमच्यातल्या कुणीतरी शंका घेतली," पाझरबाबा म्हणाले, आणि सगळ्यांनी परीक्षानळीकडे पाहिलं. परीक्षानळीने छताकडे पाहिलं. छताच्या वर मॅनेजरचंच घर होतं.

संध्याकाळी तो जिना चढून गेला. दार मॅनेजरच्या बायकोने उघडलं.

"वहिनी, साहेब दोन दिवस बाहेरगावी होते का?"

"हो. आत्ताच आले, झोपलेत. का?"

"रोज आंघोळ किती वाजता करतात?"

वहिनींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "साडेसातला. वीस मिनिटं. गाणं म्हणत."

"आणि न्हाणीघरातलं पाणी नीट जातं?"

"कुठलं जातंय. माझं दोन तांब्यांत उरकतं, पण ह्यांच्या आंघोळीला घोट्यापर्यंत तुंबतं. वर्षभर सांगतेय ह्यांना. म्हणतात, लेखी तक्रार दे."

परीक्षानळी चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसला. त्याने खिशातून एक पुडी काढली. "खाण्यातला हिरवा रंग आहे, कुणाला अपाय नाही. गळती कुठून येते ते शोधायला पाण्यात रंग सोडून बघतात."

"द्या इकडे. डोळ्यांवर साबण असला की ह्यांना काही दिसत नाही. तसं एरवीही फारसं दिसत नाहीच."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला पाच कमी असताना परीक्षानळी गर्दीच्या पुढे आला. "बाबा, आज पाणी कुठल्या रंगाचं येणार?"

"कृपेला रंग नसतो, बाळ."

"मी म्हणतो, हिरवं येईल."

लोक हसले. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "काचा धुऊन धुऊन डोक्यात पाणी गेलंय ह्याच्या."

पहिला थेंब आला तो हिरवा. दुसराही हिरवा. मग हिरवी धार.

"हिरवा," बाबा घाईने म्हणाले, "हा... हा भरभराटीचा रंग. मला कालच दिसला होता."

"मग काल बोलला नाहीत ते?" शिंपीणबाई म्हणाल्या. "आधी सांगितलं ते ह्यानं."

इतक्यात खांद्यावर टॉवेल, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, असे मॅनेजरसाहेब दारात आले. "माझ्या मोरीत कुणी काय ओतलंय?" त्यांचे पाय घोट्यापर्यंत हिरवेगार होते.

लोकांनी पायांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग हातातल्या वाट्यांकडे.

शिंपीणबाईंनी गेले अकरा दिवस गुडघेदुखीसाठी रोज एक वाटी घेतली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, साबण लिंबाचा वापरता का?"

"हो. का?"

"काही नाही. सुवास स्वर्गातला आहे असं तुमचे बंधू म्हणत होते."

बंधू तोपर्यंत दोन जिने उतरले होते.

आता लेखी तक्रारीची गरज पडली नाही. चाळीस माणसं मॅनेजरच्या दारात बसून राहिली आणि दुपारी प्लंबर आला. न्हाणीघराखालचा पाइपाचा सांधा तडकला होता. तुंबलेलं पाणी तिथून झिरपून पंधरा मिनिटांत भिंतीत उतरत होतं. सांधा बदलायला दीड तास लागला. भिंत वाळायला महिना लागेल, असं प्लंबर म्हणाला. तोवर आबांची खाट शिंपीणबाईंच्या कोरड्या खोलीत हलली. न मागता.

खाट लावून झाल्यावर बाई दारात घुटमळल्या. "आम्ही एवढे कसे रे भुललो?"

"माझ्या तक्रारी कुणी वाचल्या नाहीत म्हणून," परीक्षानळी थकून म्हणाला. "विचारलेल्याचं उत्तर मिळेनासं झालं की माणसाला थापही गोड लागते. पुढच्या वेळी भिंतीतून पाणी आलं, तर वर कोण राहतं ते आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत पिऊ नका."