तिसऱ्यांदा मागे फिरलेला तिसोन

चुलीजवळ पडलेलं हे काळपट, फाटक्या कानाचं मुटकुळं दिसतंय ना, मित्रांनो, तो मी. जातीचा शिकारी कुत्रा, आता म्हातारा झालेला. माझं नाव तिसोन, म्हणजे अर्धवट जळालेलं लाकूड. शिकारी कुत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोणी शूरवीर उभा राहत असेल. मी तसा नाही. मी जन्मभर घाबरत आलो. वाऱ्याला घाबरलो, बंदुकीला घाबरलो, रिकाम्या डब्यांनासुद्धा घाबरलो. माझी गोष्ट ही त्या भीतीचीच गोष्ट आहे.

माझा जन्म पाम्पाच्या सपाट माळावर झाला. तिथली जमीन इतकी सपाट, की सकाळी दिसलेला ससा दुपारपर्यंत नजरेआड होत नसे. पळणं मला लांब पायांच्या आईकडून मिळालं आणि नाक लांब कानांच्या वडिलांकडून. घाबरटपणा कोणाकडून आला, ते ठाऊक नाही. भांडं पडलं तरी मी खाटेखाली जात असे. आमचे धनी डॉन बाल्दोमेरो मला कधी हसले नाहीत. ते म्हणत, "घाबरतोय तो? घाबरू दे. ऐकतो तरी नीट."

त्यांनी आम्हा पिल्लांना सगळ्यांत आधी एकच गोष्ट शिकवली. दोन बोटं तोंडात घालून ते लांब शीळ घालत, खालून वर चढत जाणारी. ती ऐकू आली की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. सशाचं कातडं दोरीला बांधून ते घोड्यावरून पळवत, आम्ही जिवाच्या आकांताने मागे लागत असू, आणि मधेच शीळ वाजे. फिरलं तर मटणाचा तुकडा मिळे. नाही फिरलं तर काहीच नाही. हात मात्र त्यांनी कधी उगारला नाही.

माझा भाऊ लुसेरो माझ्याहून वेगवान आणि धीट होता. एकदा आम्ही बोरूच्या बेटात रानडुकराच्या मागे घुसलो. डुक्कर वळलेलं धन्यांना घोड्यावरून दिसलं आणि त्यांनी शीळ घातली. मी फिरलो. फिरता फिरता सुळा माझ्या कानाला चाटून गेला. लुसेरो फिरला नाही. धन्यांनी त्याला कांबळ्यात गुंडाळून घरी आणलं, तेव्हा तो गार पडला होता. त्या दिवसापासून शीळ माझ्यासाठी नुसता हुकूम राहिली नाही. शीळ म्हणजे पुढे मरण आहे, मागे फिर.

पुढे डॉन बाल्दोमेरोंचे गुडघे गेले. ते शहरात लेकीकडे राहायला निघाले आणि मला दूर दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांच्या ओळखीच्या एवारिस्तो वेंचुलकडे पाठवलं. लोकरीच्या पोत्यांवर बसून मी तीन दिवस ट्रकमधून गेलो. माझ्याबरोबर माझा पट्टा आला, माझं ताट आलं, माझं कांबळंही आलं. शिळेबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर कळवलं नाही. कुत्र्याला शिळेनेच बोलावतात, यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

आणि एवारिस्तोच्या घरात तर कोणी शीळ घालतच नसे! त्याच्या घराण्यात समजूत होती, की डोंगरात शीळ घातली की वारा जागा होतो. त्याच्या आज्याने घातली नव्हती, बापाने घातली नव्हती, म्हणून तोही घालत नसे.

मित्रांनो, ती जागा पाहून माझी पाचावर धारण बसली. माळावर धोका लांबून दिसे. इथे प्रत्येक खडकाआड काहीही असू शकत होतं. पायाखाली दगड सरकत. आणि सगळीकडे एक वास होता, मांजरासारखा, पण मांजराच्या शंभरपट. तो प्यूमाचा वास होता. इथले लोक त्याला सिंहच म्हणतात. एवारिस्तो ज्या मालकाकडे कामाला होता, त्याच्या मेंढ्या तो मारी आणि त्याचा माग काढणं हे एवारिस्तोचं काम होतं. त्याची जुनी कुत्री त्या हिवाळ्यात म्हातारपणाने गेली होती. आता माग मी काढायचा होता.

पहिल्याच शिकारीला मी माग बरोबर धरला. ओढा ओलांडला, कडा चढलो, खिंडीच्या तोंडाशी पोचलो. तिथे वर तारांचं कुंपण गेलेलं होतं. पश्चिमेचा वारा सुटला आणि त्या तारांतून शीळ वाजली. लांब, खालून वर चढत जाणारी. माझ्या डोळ्यांसमोर लुसेरोचं कांबळं आलं. मी जो फिरलो तो थेट एवारिस्तोच्या पायांशी येऊन थांबलो. बक्षीस मिळेल म्हणून मी शेपूट हलवत होतो, आणि तो माझ्याकडे असा बघत होता, की मी शेपूट पोटाखाली घेतली.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

घरी आल्यावर एवारिस्तोने बंदूक खुंटीला अडकवली आणि माते नावाच्या कडू चहाचा पेला हातात घेऊन तो धुमसत बसला. घरात त्याची थोरली बहीण ओतिलिया होती. तिचा नवरा वारल्यापासून घरचं सगळं तीच बघे.

"दोनदा शेपूट घातली याने, ताई," तो म्हणाला. "आता तिसरी खेप. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तिसऱ्यांदा मागावरून फिरलेलं कुत्रं घरात ठेवायचं नाही."

"एक गोळी. संपलं."

"बाबा स्वतः बदकाला भीत होते," ओतिलिया पीठ मळत म्हणाली. "त्यांना नाही कोणी गोळी घातली."

"तू चेष्टा कर! मेंढ्या काय तू राखणार आहेस?"

मी टेबलाखाली होतो. शब्द कळले नाहीत असं तुम्हाला वाटेल. पण बंदुकीकडे बघून माणूस माझ्याकडे बघतो, तेव्हा शब्दांची गरज पडत नाही. त्या आठवड्यात मला ताट चाटून पुसायचंसुद्धा सुचलं नाही.

एका सकाळी ओतिलिया अंगणात कपडे वाळत घालत होती आणि मी दारात डुलकी काढत होतो. वारा सुटला, अंगणाची तार वाजली. मी दचकून उठलो आणि पळत जाऊन तिच्या पायांशी बसलो. ती हसली. वारा पडला, मी परत दारात गेलो. तार पुन्हा वाजली, मी पुन्हा तिच्या पायांशी. तिसऱ्यांदा तिच्या हातातली चादर तशीच राहिली. तिने तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मी दारात परतताच तिने दोन बोटं तोंडात घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा शीळ घातली. नीट जमली नाही, नुसती थुंकी उडाली. दुसरी मात्र झकास वाजली. मी बाणासारखा धावलो.

एवारिस्तो गोठ्यातून ओरडत आला. "ताई! वेड लागलं का? वारा येईल!"

"इथून गेला होता कधी?" ओतिलिया म्हणाली. "हे बघ. हे कुत्रं भित्रं नाही रे बाबा. तुझा वाराच याला रोज माघारी बोलावतोय."

एवारिस्तो दगडावर बसला. बराच वेळ तो टोपी हातात फिरवत राहिला. मग त्याने माझ्या फाटक्या कानावरून बोट फिरवलं, पहिल्यांदाच.

मग माझी नवी शाळा सुरू झाली. मेंढ्या हाकायला तिथे तारेच्या कड्यात रिकामे डबे ओवून खुळखुळा करतात. तो वाजला की यायचं, आणि शीळ वाजली की काहीच करायचं नाही, असं ठरलं. त्या खुळखुळ्याने माझी भीतीने गाळण उडे! ओतिलियाने आधी एकच डबा घेतला, त्यातच मटण ठेवलं, आणि दोन दिवस तो वाजवलाच नाही. महिनाभर ती माझ्यासोबत कुंपणाच्या तारांखाली बसून राहिली. शीळ वाजे, मी थरथरे, ती विणत राही. काही होत नाही, हे मला तिच्या सुयांच्या आवाजाने शिकवलं.

मग तिसरी खेप आली. एवारिस्तोने घोडा खिंडीखाली बांधला आणि मला सोडलं. खिंडीच्या तोंडाशी तारा वाजल्या. माझे पाय वळू लागले, पण मी ते वळू दिले नाहीत. पुढे गेलो. एका कपारीत तो होता. कान पाडलेला, दात विचकलेला सिंह. मी भुंकलो. माझं अंग लटलट कापत होतं, पण मी जागा सोडली नाही. आता एवारिस्तो येईल, अशी मी वाट पाहत होतो.

तो आला नाही. खुळखुळाही वाजला नाही. वाजली ती शीळ.

वारा, मी स्वतःला सांगितलं. काहीच करायचं नाही. शीळ पुन्हा वाजली. ती मधेच तुटली, धाप लागल्यासारखी, आणि थरथरत परत सुरू झाली. माझे कान उभे राहिले. वाऱ्याला धाप लागत नाही. वारा घाबरत नाही. ही शीळ घालणारं कोणीतरी माझ्याइतकंच घाबरलेलं होतं.

आता फिरलो तर ती तिसरी वेळ. खुंटीवरची बंदूक मला आठवली. आणि मी फिरलो.

एवारिस्तो घसरणीच्या दगडांत पडला होता. पाय दोन धोंड्यांत अडकून मोडला होता. बंदूक आणि खुळखुळा दोन्ही दरीत गेले होते. त्याच्या दोन बोटांना रक्त लागलेलं होतं आणि ती अजून तोंडातच होती. मला पाहून तो रडू लागला. मी त्याचं तोंड चाटलं, मग घराकडे सुटलो आणि ओतिलियाच्या झग्याचा काठ दातांत धरला. ऊन कलायच्या आत ती शेजारच्या मेंढपाळांना घेऊन खिंडीत पोचली होती.

घोड्यावर चढवताना एवारिस्तो कण्हत म्हणाला, "तिसऱ्यांदा फिरला गं हा, ताई."

"मग? बंदूक आणू दरीतून?"

"नको," तो म्हणाला. "बाबांना शीळच घालता येत नव्हती. त्यांना काय कळणार."

त्याला बरीच वर्षं झाली. एवारिस्तो आता लंगडतो. तो सिंह कपारीतून निसटला तो पुन्हा दिसला नाही. रोज संध्याकाळी, जेवणाच्या आधी, एवारिस्तो दारात उभा राहून दोन बोटं तोंडात घालतो. वारा जागा झाला तर होऊ दे, म्हणतो. मी चुलीपासून दारापर्यंत जातो, आता हळूहळू.

मित्रांनो, तुमच्याकडे कधी परक्या गावाहून एखादा कुत्रा आला, आणि तो भलत्या वेळी मागे फिरू लागला, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्या जुन्या धन्याला एक पत्र टाका. याला कसं बोलावता, एवढंच विचारा.