राणीची सुजलेली दाढ

प्राध्यापकांनी देशाचा इतिहास अकराशे पानांत लिहिला आणि देशाने तो मोठ्या आदराने न वाचता ठेवून दिला. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली प्रत आठ वर्षांनंतरही इतकी कोरी करकरीत होती, की ग्रंथपाल ती पाहुण्यांना 'नुकतीच आलेली' म्हणून दाखवत.

त्यांची थोरली बहीण केस कापायची. तिच्या तीन खुर्च्यांच्या दुकानात बायका केस रंगवायला येत आणि जाताना इतिहास शिकून जात. एकदा जेवताना प्राध्यापकांच्या बायकोनेच विचारलं, "अहो, तहाच्या दिवशी राणीची दाढ सुजली होती, हे तुम्ही कधी बोलला नाहीत?"

तीस वर्षांच्या संसारात तिने इतिहासावर विचारलेला हा पहिला प्रश्न. प्राध्यापकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते तडक दुकानात गेले. बाकड्यावर दोघी वाट पाहत होत्या. खुर्चीत टपाल कचेरीतल्या बाई डोकंभर रंग लावून बसलेल्या, आणि ताई ब्रश फिरवत रंगात आलेली.

"गाल हा असा टम्म! समोर शत्रूचा सेनापती कलमं वाचतोय. एक संपेल तर शपथ. राणीला वाटलं, बंदर घे, पण बाबा, तोंड आवर!"

"मग दिलं?" टपालवाल्या बाईंनी विचारलं.

"दिलं ना! म्हणून तर आपलं मीठ आजही बाहेरून येतं."

"ताई!" प्राध्यापक दारातूनच कडाडले. "इतिहास म्हणजे काय चावडीवरच्या गप्पा? बंदर दाढेमुळे नाही गेलं. तत्कालीन सागरी व्यापाराच्या संरचनात्मक ऱ्हासाच्या पार्श्वभूमीवर..."

बाकड्यावरच्या एकीने जांभई दिली. दुसरीने मासिक उघडलं. टपालवाल्या बाईंनी अदबीने विचारलं, "रंग धुवायची वेळ झाली का हो?"

प्राध्यापकांनी शेवटचं अस्त्र काढलं. "दाढेला पुरावा काय?"

"पान आठशे बारा, चौथी तळटीप," ताईचा ब्रश थांबला नाही. "राजवैद्याचं पत्र. तूच शोधलंस आणि तूच मुंगीएवढ्या अक्षरांत पुरून ठेवलंस."

प्राध्यापकांना ते पत्र सापडलेला दिवस आठवला. त्यांनी चक्क टाळी वाजवली होती. मग आपण विद्वान आहोत हे ध्यानात आलं आणि त्यांनी आनंद आवरता घेतला होता.

"तू पुस्तक वाचलंस?"

"दोनदा. एकदा तू भाऊ म्हणून, आणि एकदा काहीच कळलं नव्हतं म्हणून."

"मिठाचं मात्र माझ्या पुस्तकात नाही."

"ते माझ्या पदरचं," ताईने निमूट कबूल केलं. "काढून टाकते. मग तिथे काय घालू?"

प्राध्यापक दारातून आत सरकले. मग हळूच म्हणाले, "तहाच्या दुसऱ्या दिवशी बंदरातल्या एका हमालाने अर्ज केला होता. रात्रीत देश बदलला, तर सकाळची हजेरी कुणाकडे लावायची?"

मासिक मिटलं. "अगंबाई! मग?"

अख्ख्या नोकरीत त्यांना कुणी 'मग?' विचारलं नव्हतं. ते बाकड्यावर टेकले.

आता ते दर बुधवारी जातात. 'पार्श्वभूमी' म्हटलं की ताई हातात केरसुणी देते. विभागाला अर्थात हे लागलं. 'सुलभ इतिहासाचे धोके' या विषयावर चर्चासत्र झालं. श्रोते सहा, पैकी चार वक्ते. प्राध्यापकांना जाता आलं नाही. त्या बुधवारी राजधानीला वेढा पडायचा होता, आणि तीन बायका केसांना रंग लावून बसल्या होत्या.